म्हशींचं मैदान आणि आमची बॅटिंग

मी मुलींना सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवते. बडनेऱ्यातल्या एका शाळेत, सतरा वर्षांखालच्या संघाला. याला सात वर्षं झाली. दिवाळी अंकात अनुभव लिहिण्याइतकं हे वय नाही आणि सात वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, असं मी संपादकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, तुम्ही बोलत तर नाहीच, निदान लिहा तरी. म्हणून लिहायला बसले.

मी कमी बोलते हे खरं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर अमरावतीच्या शांत कॉलनीतलं. बडनेऱ्याच्या मैदानावर पहिल्या दिवशी मी मुलींना 'कृपया रांगेत उभ्या राहा' म्हणाले, तर त्या अर्धा मिनिट माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. पुढे महिनाभर माझं नाव 'कृपया म्याडम' होतं. पण सॉफ्टबॉलमध्ये माझ्यासारख्या माणसाची एक सोय आहे. बॅटिंग करणाऱ्या संघाचा कोच तिसऱ्या बेसजवळ उभा राहतो आणि खेळाडूंशी हातांच्या खुणांनी बोलतो. नाकाला हात लावला तर चेंडू हलकेच समोर टाक. पट्ट्याला लावला तर पुढच्या बेसकडे पळ. गुडघ्याला लावला तर चेंडू जमिनीवर मार. दोन तास तोंड न उघडता सामना चालवता येतो. मला हे काम आवडण्याचं पहिलं कारण हेच होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पतंगासारख्या चौकोनाचे चार कोपरे म्हणजे चार बेस. खालच्या कोपऱ्यावर, म्हणजे होमवर, बॅटर उभी राहते. पिचर खांद्याखालून हात फिरवून चेंडू टाकते, तो टप्पा न पडता येतो आणि भलताच वेगात येतो. बॅटरने तो मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे धावायचं. तिच्याआधी चेंडू तिथे पोचला तर ती आऊट. चारही बेस फिरून होमवर आली की एक धाव. आमच्याकडे प्रत्येक मूल आधी क्रिकेट शिकून येतं, त्यामुळे पहिलं वर्ष जुन्या सवयी मोडण्यात जातं. सुमित्रा नावाची माझी एक खेळाडू धारणीकडच्या एका गावातून इथल्या वसतिगृहात आली होती. ती इतकी जोरात पळायची की बघणाऱ्याला दम लागावा. पण तीन महिने ती बॅट हातात घेऊनच पळत होती. बॅट टाकून का देत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "चांगली हाये न, म्याडम."

आता मैदानाबद्दल. शाळेमागचं मैदान काळ्या मातीचं आहे. पावसाळ्यात त्यातून शाळेमागे राहणाऱ्या शेवंताबाईंच्या म्हशी पलीकडच्या डबक्याकडे जातात. ओल्या मातीत त्यांच्या खुरांचे खड्डे उमटतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटसारखे कडक होतात. त्यांच्या मधोमध, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. नेमक्या त्याच दिवसांत शालेय स्पर्धा असतात. दरवर्षी मी शेवंताबाईंना म्हशी बाजूने न्यायची विनंती करायची. त्या शांतपणे म्हणायच्या, "म्हशीले काय माईत म्याडम, तुमची रेघ कुठं हाये थे."

पण खरं सांगायचं तर आमचा सगळा डावपेच या खड्ड्यांवर उभा होता. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की इथे जमिनीवर मारलेला चेंडू फील्डरला कधी नीट सापडतच नाही. तो खुराच्या खड्ड्यात आदळतो आणि तिच्या खांद्यावरून उडतो, नाहीतर भेगेच्या काठाला लागून भलतीकडे पळतो. मग मी मुलींना एकच गोष्ट शिकवली. चेंडूच्या डोक्यावर मारा. हवेत गेला तर झेल जाईल, जमिनीवर गेला तर आपण पोचू. जिल्ह्याचे सामने आमच्याच मैदानावर होत, कारण इतकं मोठं मैदान आसपास दुसरं नव्हतं. आम्ही दरवर्षी जिल्हा जिंकायचो. मी गुडघ्याला हात लावला की आमच्या मुली हसायच्या आणि समोरच्या फील्डर चेहऱ्यापुढे हात धरायच्या.

मग आम्ही विभागीय स्पर्धेला अकोल्याला जायचो आणि पहिल्याच सामन्यात हरायचो. पाच वर्षं. कारणं माझ्याकडे दरवर्षी नवी असायची. मुली घाबरल्या. रात्रीची भाजी तिखट होती. पंच कडक होते. एकदा तर मी ऊन फार होतं असं सांगितलं, जसं काही बडनेऱ्यात ऊन नसतंच.

पायल आठवीत असताना संघात आली. वडील रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये. मुलगी ठेंगणी, दणकट आणि कुणाचं न ऐकणारी. तिला चेंडूच्या डोक्यावर मारताच यायचं नाही. ती त्याच्या पोटात मारायची. चेंडू हवेतून लांब जायचा, कुणीतरी झेलायचं आणि मी वहीत तिच्या नावापुढे फुली मारायची. दोन वर्षं मी तिला बॅट उंच धरून वरून खाली फिरवायला लावत होते. खांदा खाली कर, मनगट वळव, डोक्यावर, डोक्यावर. नववीपर्यंत ती बाकीच्यांसारखी मारायला लागली. मी तेव्हा खूश होते. ती नव्हती, हे मला दिसत होतं. दिसलेलं सगळं मी बोलून दाखवत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

त्या वर्षी अकोल्यात हरल्यावर आम्ही मैदानाच्या कडेला बसून दुसरा सामना बघत होतो. तिथलं मैदान मुरमाचं, पाणी मारून रोलर फिरवलेलं. कुणीतरी जमिनीवर चेंडू मारला. तो कॅरमच्या सोंगटीसारखा सरळ घरंगळत फील्डरच्या हातमोज्यात गेला. मग दुसरा. मग तिसरा. पायल माझ्या शेजारी शेंगा खात होती. ती म्हणाली, "म्याडम, इथं चेंडू उडूनच नाई राहिला. म्हशीच नाई न इथं."

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. परतताना एसटीत मी पाच वर्षांच्या वह्या काढून मांडीवर ठेवल्या. बडनेऱ्यातल्या सामन्यांत जमिनीवर मारलेल्या चेंडूंपुढे 'पोचली', 'पोचली', 'पोचली'. अकोल्यातल्या पानांवर त्याच मुली, तेच मारणं आणि पुढे 'आऊट'. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की मी बॅटिंग शिकवलीच नव्हती. मी मुलींना म्हशींच्या भरवशावर सोडलं होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलींचं शाळेचं शेवटचं वर्ष तसंच संपलं होतं. त्या आता कुठे कुठे असतात. त्यांना हे सांगायचं राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी पायलला बाजूला घेतलं आणि म्हणाले की तू आठवीत मारायचीस तसं मला पुन्हा दाखव. "आता येते का थे?" एवढंच म्हणाली. ते मला आजही लागतं.

पण आलं. आणि ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत धमाल वर्ष ठरलं. पायलचा मामा वरूडला संत्र्याच्या बागेत काम करतो. झाडाखाली गळून पडलेली लिंबाएवढी हिरवी संत्री कुणी घेत नाही. मामा गोणीभर पाठवायचा. मी गुडघ्यावर बसून बाजूने एकेक संत्रं उडवायची आणि मुली ते बॅटने मारायच्या. डोक्यावर लागलं तर संत्रं पायाशी घरंगळायचं. मधोमध लागलं तर फाटकन फुटायचं आणि बॅटवर नेमक्या जागी रसाचा डाग उरायचा. मला काही बोलावंच लागत नव्हतं. मुली बॅट वळवून डाग बघायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. मैदानाला सालींचा कडवट वास यायचा. शेवंताबाईंच्या म्हशींनी एकदा ती फुटलेली संत्री खाऊन पाहिली आणि तेव्हापासून त्या खरोखर बाजूने जायला लागल्या. पाच वर्षांच्या विनंत्यांनी झालं नव्हतं ते एका गोणीने झालं.

पुढच्या जूनमध्ये पायलचे बाबा शाळेत आले. पायल दहावीत गेली होती. ते दारातच उभे राहिले, बसले नाहीत. सरळ बोलणारा माणूस. म्हणाले, "म्याडम, मी तुमाले साफ सांगून ठेवतो. यंदा राज्यावर गेली तं पुढंबी खेयू देईन. नाई तं दहावी झाली का बॅट बंद. तिच्या मायले एकटीले घरचं होत नाई." मी मान हलवली. राज्यावर जायचं म्हणजे अकोल्यात विभाग जिंकायचा. आम्ही तिथे एकही सामना जिंकलेला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी ती अट घातली होती.

आणि पहिलं संकट आमच्याच मैदानावर आलं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमच्या मुली नव्या पद्धतीने मारत होत्या आणि हवेतले चेंडू झेलले जात होते. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेने मागे होतो आणि बेसवर आमच्या दोघी होत्या. मुली माझ्याकडे बघत होत्या. इथेच हरलो तर अकोलाच नाही. मी गुडघ्याला हात लावला. पुढच्या दोघींनी चेंडू जमिनीवर मारले, दोन्ही खुरांच्या खड्ड्यांत उडाले, आम्ही जिंकलो.

सगळ्या नाचत होत्या. पायल आली नाही. ती बॅटा गोळा करत होती. मी जवळ गेले तशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग नवीन कायले शिकवलं व आमाले?"

तिला 'म्याडम' म्हणायचंही भान नव्हतं. मी त्या दिवशी बरंच बोलले, माझ्या मानाने तर फारच. सगळ्यांना बसवून सांगितलं की मी घाबरले म्हणून ती खूण केली. यापुढे गुडघ्याच्या खुणेचा काहीही अर्थ नाही. ती दिसली तरी मधोमधच मारायचं. सुमित्रा, जी एरवी बोलत नसे, म्हणाली की मग ती खूण करायचीच कशाला. मला एकदम कल्पना सुचली आणि मी म्हणाले, "लोकांना दाखवायला." पोट्ट्या अशा काही हसल्या की शिक्षकांच्या खोलीतून कुणीतरी बघायला आलं.

अकोल्यात आम्ही पहिला सामना जिंकला. मग दुसरा. गुडघ्याची खूण मी या दोन्हींत केलीच नव्हती. अंतिम सामना यजमान शाळेशी. पायलचे बाबा त्या दिवशी रजा काढून आले होते. कुंपणाशी, डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हातांनी जाळी धरून उभे.

शेवटची इनिंग, बरोबरी, बॅटिंग आमची. एक मुलगी आऊट झालेली; तीन झाल्या की डाव संपतो. माझ्या बाजूला तिसऱ्या बेसवर सुमित्रा आणि होमवर पायल. सुमित्रा होमवर पोचली की आम्ही राज्यावर.

इथे एक नियम सांगायलाच हवा. क्रिकेटमध्ये झेल गेला की संपलं, त्या चेंडूवर धाव मिळत नाही. सॉफ्टबॉलमध्ये झेल गेला तर बॅटर आऊट होते, पण बेसवरची मुलगी झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबली असेल, तर त्यानंतर तिला पळता येतं. पण ती आधी निघाली तर तीही आऊट. सुमित्राची अडचण हीच होती. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला की तिचे पाय सुटायचे. म्हणून आम्ही ठरवलं होतं की तिने चेंडूकडे बघायचंच नाही. नजर होमवर आणि कान माझ्याकडे. मी 'जा' म्हटलं की जायचं. सरावात ती दर वेळी थांबूनच राहायची. "ऐकू नाई आलं, म्याडम." महिनाभर मी रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानावर 'जा' असं ओरडायचा सराव केला. शेवंताबाईंना वाटायचं मी म्हशींना हाकलते आहे.

मी सगळ्यांना दिसेल असा गुडघ्याला हात लावला.

समोरच्या कोचने तो लगेच पाहिला. बडनेऱ्याचा गुडघा इतकी वर्षं सगळ्या विभागाला पाठ होता. त्यांनी हाताने इशारा केला आणि त्यांच्या सगळ्या मुली पुढे सरकल्या. जमिनीवरचा चेंडू अडवून सुमित्राला होमवर गाठायला. मागच्या तिघीसुद्धा चार-पाच पावलं आत आल्या. पायलने माझ्याकडे पाहिलं. तिने बॅट किंचित खाली घेतली, आठवीत घ्यायची तशी.

दुसऱ्या चेंडूला तिने मारला. आवाजावरूनच मला कळलं की मधोमध बसला आहे. तो मधल्या फील्डरच्या डोक्यावरून निघाला आणि ती मुलगी वळून पाठमोरी धावत सुटली. माझ्या शेजारी सुमित्रा पुढे वाकून उभी होती, पाय बेसला लागलेला, नजर समोर. मी म्हणाले, थांब. थांब. ती फील्डर फार छान धावली. हात लांब करून, खांद्यावरून, पडता पडता तिने तो चेंडू पकडला. सगळं मैदान ओरडलं. आणि त्या ओरडण्याच्या वरून मी ओरडले, "जा!"

मला माझा तो आवाज ओळखीचा वाटला नाही. सुमित्रा सुटली. मागे तोंड करून पडलेल्या मुलीला उठून, वळून चेंडू फेकेपर्यंत सुमित्रा होम ओलांडून पुढच्या कुंपणापर्यंत गेली होती. त्यांच्या कोचने पंचांकडे धाव घेतली, ती आधी निघाली म्हणून. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, बेसकडे पाहिलं आणि मान हलवली. धाव बरोबर.

मुली एकमेकींवर कोसळल्या. मी कुंपणाकडे पाहिलं. पायलचे बाबा जाळी सोडून पाठ फिरवून चालायला लागले होते. त्यांनी फक्त झेल पाहिला होता. त्यांच्या हिशोबाने मुलगी आऊट झाली होती आणि खेळ तिथेच संपला होता. रुमाल डोक्यावरून काढून त्यांनी हातात घेतला होता.

मी फाटकातून बाहेर पळत जाऊन त्यांना गाठलं. आजवर मी कुणाच्या मागे अशी पळाले नव्हते. मी म्हणाले, "काका, आपण जिंकलो."

ते थांबले. "आऊट झाली न थे? म्या डोयानं पाह्यलं."

"झाली. पण झेल झाल्यावर दुसरी पळाली. या खेळात चालतं."

"काहून चालते?"

मी म्हणाले, नियमच आहे तसा. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. पायल ढिगाऱ्यातून बाहेर येऊन आमच्याकडेच बघत उभी होती, अंगावर मुरूम, चेहरा पडलेला. मला वाटलं ती बापाच्या निर्णयाला घाबरली आहे. ती जवळ आली आणि म्हणाली, "अजून दोन हात लांब जायाले पायजे होता, म्याडम. तिले सापडलाच नसता."

राज्य स्पर्धेत आम्ही दुसऱ्या सामन्यात हरलो, नीट, कुठलीही सबब न सांगता. ती हकिगत वेगळी. मला सांगायचं आहे ते विभाग जिंकलो त्या संध्याकाळच्या गाडीबद्दल. अकोल्याहून बडनेऱ्याला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये आम्ही सगळ्या बॅटांच्या पिशव्या पायाशी घेऊन बसलो होतो. पायल खिडकीशी. तिचे बाबा पलीकडच्या बाकावर चार अनोळखी माणसांमध्ये. पुढे खेळू देण्याबद्दल ते अजून एक शब्द बोलले नव्हते. मी विचारलं नाही. पायलनेही नाही.

बोरगाव मागे पडल्यावर त्यांचा आवाज माझ्या कानावर आला. ते शेजाऱ्याला समजावून सांगत होते. हा हात म्हणजे बेस. ही काडेपेटी म्हणजे धारणीची पोट्टी. तिनं हलायचं नाई, जोवर झेल होत नाई. झेल झाला का सुटायचं. शेजाऱ्याला पटत नव्हतं. तो म्हणाला की क्रिकेटात असं नसते. बाबांनी त्याला सांगितलं की हे क्रिकेट नाही, हा वेगळा खेळ आहे, माझी पोरगी खेळते. मग त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काडेपेटी सरकवून.

शेजाऱ्याने थोडा विचार केला. "पन तुमची पोरगी तं आऊटच झाली न मंग?"

"झाली," ते म्हणाले. "आता अकरावीत जाईन थे, तवा पाहा तुमी."

पायलने खिडकीतून बाहेर बघणं थांबवलं नाही. फक्त माझ्या बाजूचा तिचा हात हळूच माझ्या गुडघ्यावर येऊन टेकला.